थेंबाचं अक्षर

माझ्या सासूबाईंनी एकोणीस वर्षं एका दवाखान्यात टायपिंग केलं. मोठे डॉक्टर पेशंट तपासता तपासता बोलायचे आणि पडद्याआड बसून या टाइप करायच्या. डॉक्टरांचं हस्ताक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे, म्हणून ही सोय. पुढे डॉक्टर वारले. दवाखाना तीन वर्षं बंद होता, मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तो चालवायला घेतला. त्यांनी भिंती रंगवल्या, नवे कॉम्प्युटर आणले. जुन्या कॉम्प्युटरवरच्या अकरा हजार फाइली मात्र उघडल्या की पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची गिचमिड. दुरुस्तीवाल्याने निकाल देऊन टाकला, "व्हायरस खाऊन गेलाय सगळं. पुसून टाका."

डॉक्टरीणबाईंनी पुसलं नाही. सोमवारी सकाळी त्या आमच्या घरी आल्या आणि पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला, कारण मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"नऊ वर्षांची एक मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "गुरुवारी तिचे टॉन्सिल काढायचेत. नेहमीच्या तपासण्या स्वच्छ आहेत. पण तिची आई सारखं म्हणतेय, आमच्या माहेरी कुणाला तरी काहीतरी होतं, मोठ्या डॉक्टरांना माहीत होतं. काय, ते तिला आठवत नाही. माहेरचं विचारायला आता कुणी उरलेलं नाही."

मी फाइल उघडली. बघताक्षणी कळलं की व्हायरस-बियरस काही नाही. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. आज जगातल्या बहुतेक सगळ्या लिपींच्या अक्षरांना आपापला आकडा आहे, आपल्या 'क'लाही आहे. तो सर्रास वापरात येण्याआधी फॉन्ट बनवणारे एक युक्ती करायचे. आकडा इंग्रजी डीचा आणि चित्र 'क'चं. फॉन्ट जागेवर आहे तोवर कुणाला पत्ता लागत नाही, फॉन्ट गेला की सोंग उतरतं. इथे फॉन्ट जुन्या कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेला होता. प्रसिद्ध फॉन्टांसाठी तयार साधनं मिळतात, पण हा कुणा गावातल्याच माणसाने बनवलेला. मी तीन साधनं लावून पाहिली. एकानेही धड काही दिलं नाही.

"गुरुवारपर्यंत कठीण आहे," मी म्हटलं.

तेवढ्यात आई, म्हणजे सासूबाई, चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, चष्मा वर केला आणि टेबलाच्या कडेवर बोटं ठेवली. "यू, के, डी," त्या पुटपुटल्या. बोटं हलली. "नाक. जे, मोठा डी, आर. रक्त. अगं, नाकातून रक्त येतं म्हणून आलाय हा. सोपं तर आहे!"

"तुम्हाला ही अक्षरं अजून आठवतायत?" मी विचारलं.

"मला अक्षरं कुठं आठवतायत," आई म्हणाल्या. "बोटांना आठवतंय. तू बटणाचं नाव सांग, मी काय उमटतं ते सांगते."

तासाभरात आमचा तक्ता तयार झाला. डी म्हणजे क, यू म्हणजे न, के म्हणजे काना. अडलं की आई टेबलावर टकटक करायच्या आणि उत्तर द्यायच्या. ऑफिसला मी दुपारनंतर येते म्हणून कळवलं, आणि दुपारी, येतच नाही म्हणून.

पहिला प्रयोग चालवला तेव्हा आई हसून हसून खोकायला लागल्या. 'महिना'चा 'मिहना' झाला होता आणि 'सर्दी'ची 'सदीर्'.

"याला काय झालंय? दारू प्यायलाय का तुझा कॉम्प्युटर?"

दोष माझाच होता. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशीच टाइप करायची, अक्षराच्या आधी. नव्या पद्धतीत ती अक्षरानंतर येते. रफाराचं बरोबर उलटं. नुसती अक्षराला अक्षर बदलून भागणार नव्हतं, क्रमही फिरवायला हवा होता. मंगळवारी दुपारपर्यंत तेही जमलं. अकरा हजार फाइली चार मिनिटांत वाचण्याजोग्या झाल्या आणि मी खुर्चीत अशी रेलले की जणू गडच जिंकला.

मुलीच्या आजोळची चार कार्डं, म्हणजे चार पेशंटांच्या फाइली, सापडली. आजीला ताप, मामाची दाढ काढली, मावशीचं बाळंतपण, तिच्या आईला लहानपणी गोवर. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. "विशेष काही नाही. तुम्ही निर्धास्त राहा."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मग गुरुवारचं पक्कं."

बुधवारी सकाळी आई ती कार्डं वाचत बसल्या होत्या. जुन्या पेशंटांची नावं बघून त्यांना बरं वाटत होतं. मामाच्या कार्डापाशी त्या थांबल्या.

"दाढ काढली, आणि मग तीन तारखांना तो परत आलाय. तीनदा कशाला येईल? आणि हे बघ, ओळ पूर्णविरामाच्या आधीच तुटलीय. इथे काहीतरी होतं."

"काही नसेल हो आई. जे ओळखू आलं नाही ते प्रोग्रामने टाकून दिलं. फालतू चिन्हं होती."

"टाकून दिलं?" त्यांचा आवाज चढला. "एकोणीस वर्षांत मी एक अक्षर फालतू टाइप केलेलं नाही. मूळ दाखव."

मूळ फाइल उघडली. ओळीच्या शेवटी इंग्रजी वाय होता, डोक्यावर दोन टिंबं असलेला. असलं अक्षर आपल्याकडे कशाला येईल, म्हणून मी ते कचऱ्यात धरलं होतं. आईंनी ऑल्टचं बटण दाबल्यासारखा डावा अंगठा टेबलावर दाबून धरला आणि उजव्या हाताने हवेत आकडे मारले. "शून्य, दोन, पाच, पाच."

मग त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "अगं, हा थेंब आहे. डॉक्टरांनी फॉन्टवाल्याकडून मुद्दाम काढून घेतला होता. ज्याचं रक्त लवकर थांबत नाही त्याच्या कार्डावर थेंब टाकायचा, म्हणजे कार्ड उघडताच दिसेल."

'निर्धास्त राहा' मीच म्हटलं होतं.

मी प्रोग्रामला थेंब शोधायला लावला. मामाच्या कार्डावर तीन, आजीच्या एक, मावशीच्या बाळंतपणावर दोन. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मधे सबबी घातल्या नाहीत. "काल मी चुकीचं सांगितलं. या घरात रक्त न थांबण्याचा त्रास आहे. एक खूण माझ्या प्रोग्रामने पुसली होती."

मग त्या म्हणाल्या, "उद्याचं रद्द करते. कार्डं पाठवा."

मुलीला मोठ्या इस्पितळात पाठवून रक्ताची खास तपासणी केली. नेहमीच्या तपासणीत न दिसणारा दोष निघाला, आजीकडून आईकडे आणि आईकडून हिच्याकडे आलेला. तीन आठवड्यांनी, आधी औषध देऊन, टॉन्सिल निघाले. मुलगी दुसऱ्या दिवशी घरी गेली आणि घसा दुखतोय म्हणून शाळा बुडवून आठवडाभर कार्टून बघत बसली.

थेंबाचं काय करायचं, यावर आमची थोडी जुंपली. जगाच्या अक्षरयादीत काही आकडे मुद्दाम मोकळे सोडलेले असतात, ज्याने त्याने आपलं खासगी चिन्ह तिथे बसवावं. मी म्हटलं, तिथे ठेवू, मी छान थेंब काढून देते.

"आणि तुझा फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर काय दिसेल?"

"चौकोन. रिकामा."

"म्हणजे परत तेच. त्यापेक्षा सरळ अक्षरांत लिही: रक्त लवकर थांबत नाही. जागा लागली तर लागू दे."

मी तसंच केलं. अकरा हजारांत एकशे अठ्ठ्याऐंशी कार्डांवर ते वाक्य आलं.

आता आई रोज दहा वाजता दवाखान्यात जातात आणि त्या यादीतल्या लोकांना फोन करतात. बरेच गाव सोडून गेलेत, काही उरले नाहीत. काल एका गृहस्थांनी विचारलं, "बाई, मला हे आत्ता का सांगताय? मी सत्तरीचा झालो."

"तुम्हाला ठाऊक असेल हो," आई म्हणाल्या. "नातवंडं किती आहेत? सगळ्यांची नावं सांगा. सावकाश, मी टाइप करतेय."