चालतं पाणी

पोरगी पेज पितच नव्हती. प्यायलेलं घोटभरही पाण्यासारखं निघून जायचं. मांडीवर घेतली की नुसती हाडं टोचायची. मला धड बसवेना, धड उठवेना.

"दात येऊन राहिले असन," सासू धुरपताबाई म्हणाल्या.

"हिरडी तर कोरी आहे न, आत्याबाई."

आश्विन लागला होता. उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला पाणी हवं म्हणून तलावाच्या पाळीतलं तुडूम, पाणी सोडायचं दार, उघडलं होतं. मोरीतून धो धो पाणी बांध्यांत जायचं. अशा वेळी गावातल्या बाया जुना घाट सोडून तुडूमापाशी घागरी भरतात. थांबल्या पाण्याहून चालतं पाणी चोखट, असं सगळ्याच मानतात. मीही मानायची. पोरीची पेज त्याच पाण्यात शिजायची.

त्या सकाळी घागरीत कुजका पाला आला. मी मान वर केली. तलावाच्या कोपऱ्यात दोराच्या वाखासाठी सनाचे भारे कुजत घातले होते. तिथून एक काळपट पट्टा पाळीला धरून सरकत होता. तलाव समुद्राएवढा, आणि हे पाणी सरळ माझ्या घागरीत येत होतं!

शेतांना पाणी सोडणारे पाणकर बकाराम पाळीवरच होते.

"बाबाजी, तुडूम बंद करा न."

"अन् धान का तुया आसवाईवर पिकन?"

"मंग सन कोनाचा आहे?"

"तुमचाच वं! तुया नवऱ्यानं, दुधरामनंच टाकला. बाजूचे दोन भारे तुमच्या शेजारनीचे, शामकलाचे."

मी जुन्या घाटावरून पाणी आणलं. सासूंनी ते अंगणातच ओतलं. "पोरीले थांबलं पानी पाजतं? काऊन वं, जीव घेतं का तिचा?"

मी रिकामी घागर उचलली. तडक तलावाच्या त्या कोपऱ्यात गेले, कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि एकेक भारा ओढून पाळीवर फेकू लागले.

सासू पोरीला कडेवर घेऊन धावत आल्या. "कच्चा सन काढला! बैलाले दावं कायचं करशीन, तुया पदराचं?"

"हो, पदराचं."

भाऱ्यातून काळं पाणी गळत होतं. पोरीनं त्या वासानं तोंड फिरवलं. सासूंनी नाकाला पदर लावला. मग त्या पट्ट्याकडे बघत राहिल्या, पार तुडूमापर्यंत.

"धर पोरगी," म्हणत त्यांनी लुगडं खोचलं. "शामकलाचे मी काढतो. बोंबलू दे तिले. तू जुन्या घाटावर जाय."

मी गेले. पोरीची मान माझ्या खांद्यावर गरम पडली होती. घागर बुडवायच्या आधी मी पाण्यावर तळवा धरला. हलतंय का, त्या कोपऱ्यातून इकडेही येतंय का, काहीच कळेना.