तापलेली चाकं

भगवंतराव मिस्त्रींनी पायडलवर पाय ठेवला आणि दाबला. पायडल सरळ खाली गेलं, लाकडी तळाला टेकायला दोन बोटं राहिली तेव्हा कुठे थांबलं. त्यांनी पाय उचलून लगेच दुसऱ्यांदा दाबला. या वेळी ते अर्ध्यावरच घट्ट झालं.

"पायडल हाय का हिरीचा रहाट हाय रे हा, निवृत्ती?" ते लॉरीतून डोकं बाहेर काढत म्हणाले. "आन् तू हे घेऊन उद्या घाट उतरनार होता?"

"म्हनूनच त आनली ना भाऊ तुमच्याकडे," निवृत्ती म्हणाला. "काकाले सवय होती. मले नाही जमत असं."

सत्यभामा कडुलिंबाखाली उभी होती. तिचं इथे काही काम नव्हतं. वडील जाऊन तीन महिने झाले होते. ही लढाईच्या आधीची, मागे लाकडी हौदा असलेली छोटी लॉरी आता चुलतभाऊ निवृत्ती चालवणार होता. अमडापूरची भाजी मलकापूरच्या बाजारात न्यायची, तर मध्ये राजूरचा घाट. निवृत्तीनं सकाळी ब्रेकचं नाव काढलं, तशी ती त्याच्या शेजारी येऊन बसली आणि बुलढाण्यापर्यंत आली.

तिच्या पिशवीत वडिलांची सात पोस्टकार्डं होती. घाटाखाली राजुरात जनपद सभेच्या मुलींच्या शाळेत ती शिकवत असे. नवरा गेला, तेव्हा वडील, मोतीरामभाऊ, हीच लॉरी घेऊन तिचं सामान न्यायला आले होते. ते दारात उभे राहिले आणि तिनं एकही ट्रंक उचलली नाही. नोकरी सोडणार नाही, म्हणाली. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही, त्यामुळे त्या उन्हात तिला साधा पेलासुद्धा पुढे करता आला नाही. आणि आता मूल व्हायचंही नव्हतं. रिकामा हौदा खडखडत घाट चढून गेला.

त्यानंतर तिनं पत्रं लिहिली. उत्तरात दर वेळी खुशाली, पिकाच्या दोन ओळी, आणि शेवटी तेच. ब्रेक बरा नाही, घाट उतरवत नाही. बरा झाला की येतो.

ब्रेक खरंच बरा नव्हता का, एवढंच तिला माहीत करून घ्यायचं होतं.

भगवंतराव आता पायडल दाबून धरून बसले होते. बराच वेळ.

"काय पाहता?" तिनं जवळ येत विचारलं.

"खाली सरकते का पाहून राह्यलो, बाई. सरकलं असतं त मास्टर सिलिंडर गेला म्हना. नाही सरकत. लिबलिबीतही नाही, म्हंजे नळीत हवा नाही." ते उतरले, चारही चाकांच्या आतून बोट फिरवून त्यांनी वास घेतला. "तेलही गळत नाही कुठं."

"मग जुनं झालंय म्हणून असेल. लायनर झिजले असतील," ती म्हणाली. तिच्या आवाजातली घाई तिलाच ऐकू आली.

"खोलून पाहू ना."

पुढचं चाक निघालं. ड्रम ओढून काढताना लोखंडाचा कर्कश आवाज झाला. भगवंतरावांनी लायनरवर अंगठा दाबला आणि ते हसले.

"हे त मीच बसवले. मागल्या दसऱ्याले. अजून साल-दोन साल पाहाले नको."

सत्यभामानं पिशवीचं तोंड मुठीत धरलं. सातांपैकी तीन कार्डं दसऱ्यानंतरची होती.

"दसऱ्यानंतर ब्रेक चांगला होता?"

"चांगला? मोतीरामभाऊनं इथून त्या नाक्यापर्यंत नेऊन पाह्यला. एका दाबात गाडी उभी."

ती पुन्हा कडुलिंबाखाली गेली. बुंध्याला टेकली नाही, नुसती उभी राहिली. रस्त्यावरून एक बस धूळ उडवत गेली, ती धूळ खाली बसेपर्यंत ती पाहत राहिली.

"बाई," भगवंतरावांनी हाक मारली. "निवृत्ती, तूही ये बे. हे पाहा."

त्यांनी ड्रम उन्हात तिरका धरला होता. आतल्या चकचकीत कड्यावर मोराच्या मानेसारखे निळे-जांभळे डाग होते.

"भाजल्याचे डाग हायेत. दसऱ्याले हे नव्हते. अमडापूर ते बुलढाणा चालवून हे होत नाही. गाडी घाट उतरली हाय. भरपूर ब्रेक लावत उतरली."

"त्या सामानाच्या खेपेनंतर काका त कधीच नाही गेले खाली," निवृत्ती म्हणाला.

"गाडी खोटं बोलत नाही." भगवंतराव उकिडवे बसले आणि लायनर ड्रमाजवळ सरकवणारा आतला दातेरी आटा पान्यानं हळूहळू फिरवू लागले. "आन् पायडल काऊन खाली गेलं, तेही समजलं. पाहा, ड्रम तापला का फुगते. लायनर पोचत नाही, पायडल खाली जाते. घाटाखाली उतरल्यावर भाऊ घाबरले असतीन. आपन घाटावरचे लोक, आपल्याले या तापाची सवय नाही. थंडं होऊ द्याव, त त्याईनं हे आटे गरमागरमच आवळले. मंग ड्रम थंडा होऊन आकसला आन् चाकं जाम. गाडी जागची हालत नाही. मंग जॅक लावून एकेक चाक ढिलं करत बसा. तेच हे, चारीच्या चारी सारखे ढिले. चढाले ब्रेक लागत नाही. गेले तसेच घरी. मंग पुन्हा आवळलेच नाही."

"किती वेळ लागतो याला?" तिनं विचारलं.

"एकट्या मानसाले? दुपारची सांज होते."

आटा कट् कट् करत घट्ट होत होता.

गेल्या फाल्गुनात एकदा ती तिसरीच्या मुलींना शुद्धलेखन घालत होती. बाहेर चिंचेखाली कुणीतरी दुपारभर लोखंड ठोकत होतं, म्हणून तिनं उठून खिडकी लावून घेतली. संध्याकाळी शाळेत पाणी भरणाऱ्या शालूबाई पदरात तोंड लपवून हसत आल्या.

"बाई, आज एक खुळा डायवर आलता. पानी मांगतलं. म्या देल्लं, त पीतच नाही. म्हने, हे शायेच्या हिरीचं हाय का बाईच्या घरचं? शायेचं हाय म्हनलं, तवा पेला. एकावर एक तीन पेले."

"सरकारी पाणी गोड लागत असेल त्याला," ती तेव्हा म्हणाली होती, आणि दोघी खूप हसल्या होत्या.

चौथं चाक चढलं. निवृत्तीनं पायडल दाबलं. ते वरच घट्ट थांबलं, आणि त्याचा चेहरा उजळला. भगवंतराव चिंधीला हात पुसत तिच्याजवळ आले.

"मोठा जिद्दी मानूस. उन्हातान्हात एकटाच बसला असन थो तिथं," ते म्हणाले. "पानी तरी भेटलं का नाही कोन जाने."

"मिळालं," सत्यभामा म्हणाली. "तीन पेले प्यायले."