इन्शिराहबाईंची बैठक

इजिप्तमधल्या दुम्यात गावात मुलीला बघायला पाहुणे यायचे झाले की आधी बैठकीच्या खोलीचं कुलूप निघायचं. इन्शिराहच्या घरीही तसंच. वडील सोनेरी मुलामा चढवणारे कारागीर. त्यांच्या हातचा नक्षीदार सोफा, तशाच खुर्च्या, आणि काचेच्या कपाटात कधीही न वापरलेल्या कपबश्या. एरवी सगळ्यावर पांढऱ्या चादरी असायच्या. पाहुणे आले की चादरी निघायच्या. मंडळी बसायची, सरबत प्यायची आणि उठून जायची. हातात ट्रे घेऊन इन्शिराहनं त्या खोलीत कितीतरी फेऱ्या घातल्या, पण खुर्चीवर ती कधी टेकली नाही. पुढे पाहुणे यायचे थांबले, चादरी तेवढ्या राहिल्या.

मुलींच्या शाळेत भूगोल शिकवता शिकवता तिची पन्नाशी उलटली. वडील गेले. आई अंथरुणाला खिळली, तिचं सगळं इन्शिराहनंच केलं, मग आईही गेली. त्याच हिवाळ्यात धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. इन्शिराहनं भावाला बोलावून घेतलं.

"शौकत, बैठकीतलं सगळं सामान पोरीला घेऊन जा."

शौकतचा स्वतःचा फर्निचरचा कारखाना होता. तो दारातच थबकला. "सगळं? मग तू बसणार कशावर?"

"बघेन."

"ताई, अगं लोक काय म्हणतील? शौकतनं बहिणीचं घर धुऊन नेलं म्हणतील! गावात धंदा आहे माझा. थांब, तुला नवा सेट पाठवतो. फिकट निळी मखमल लावून..."

"मखमल नको रे. खरंच काही नको."

सामान गेलं. फरशीवर जिथे जिथे सोफ्याचे, खुर्च्यांचे पाय टेकलेले होते तिथे फिकट ठसे उमटले होते. इन्शिराहनं झाडू मारला आणि भिंतीला पाठ टेकून ती खालीच बसली. जन्मभर ज्या घरात राहिली, त्या घरातली ही खोली तिला अशी पहिल्यांदाच भेटत होती. बरं वाटलं आणि थोडी भीतीही वाटली.

मग तिनं सावकाश खोली मांडायला घेतली. आईच्या उशाशी बसून तिनं फोनवर साध्या, मोकळ्या घरांचे फोटो खूप बघितले होते. रंगारी उस्ता फिक्रीला ती थेट समुद्रावर घेऊन गेली आणि लाट नुकती मागे सरलेली ओली वाळू दाखवली. "हा रंग."

उस्तानं डोकं खाजवलं. "बाई, लावतो मी. पण लोक मलाच विचारतील, अस्तर मारून पळालास का म्हणून."

तरी त्यानं लावला, आणि छान लावला. खाली खजुराच्या पात्यांची चटई आली. खिडकीला जाड्याभरड्या लिननचे पडदे आले. शौकतनं कुरकुरत का होईना, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचं एक बुटकं, लांब बाकडं करून पाठवलं. त्यावर नक्षी नाही, मुलामा नाही, नुसता तेलाचा हात. सोबत फोनही आला, "ताई, कारागीर विचारतायत, उरलेलं काम कधी करायचं?" कोपऱ्यात पिवळ्या उजेडाचा मातीचा एक दिवा ठेवला, आणि इन्शिराहला वाटलं, पुरे.

दुपार कलली की नाईलवरून ऊन यायचं आणि ती भिंत आतून तापल्यासारखी दिसायची. ते ऊन गाठायला इन्शिराह शाळेतून लगबगीनं घरी येऊ लागली. चहाचा पेला घेऊन ती बाकड्यावर बसायची. कुणालातरी म्हणावंसं वाटायचं, बघ ना. पण म्हणणार कुणाला?

शाळेतल्या बायका एकदा येऊन गेल्या. "छान मोकळं केलंयस," म्हणाल्या. "नवीन सामान कधी येतंय?" वरच्या मजल्यावरच्या हाजी मितवल्लींची बायको नगात तर प्लास्टिकची खुर्चीच घेऊन खाली आली. "लाजू नको गं, आमच्याकडे जास्तीची आहे. अडचण कुणाला येत नाही?" इन्शिराहनं किती समजावलं, पण नगातच्या डोळ्यांतली कणव काही हटली नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात तिचाच आवाज ऐकू आला. "इतकी वर्षं नोकरी, ना नवरा ना पोर, मग पैसा जातो कुठे? दुम्यातचे लोक चिक्कू खरे, पण इतके?"

ईदला शौकतचं कुटुंब आलं. भावजय दाराशीच उभी राहिली, "माझी पाठ धरते हो, एवढं खाली बसवत नाही." मुलं बाकड्यावर जराशी टेकली आणि उठली. अर्ध्या तासात सगळे गेले. जिलबीसारख्या मुशब्बकचं ताट भरलेलं तसंच राहिलं. सोफा असता तर बसले असते का ही माणसं, असं इन्शिराहच्या मनात आलं. तिनं एक तुकडा मोडून खाल्ला आणि ताट झाकून ठेवलं.

उन्हाळा सुरू होता होता हाजी मितवल्ली गेले. सकाळी नमाज पढून आले, जरा पडतो म्हणाले आणि उठलेच नाहीत. गल्लीत शोकाला येणाऱ्या पुरुषांसाठी मांडव घातला गेला. दुपारी, कैरोहून धावत आलेली त्यांची सून रबाब खाली आली. रडून तिचा चेहरा सुजला होता, आणि त्यात ओशाळलेपणही होतं.

"बाई, कसं विचारू? वर पाय ठेवायला जागा नाही. दोन सोफासेट, वर ते जेवणाचं टेबल, ते तर दारातून निघतच नाही. बायका जिन्यात उभ्या आहेत. तुमची बैठक..."

"विचारतेस काय? घेऊन ये सगळ्यांना."

भाड्याच्या खुर्च्या आल्या, तरी कितीतरी जणी चटईवरच बसल्या. काळ्या कपड्यांनी खोली भरून गेली. रेकॉर्डवर कुराणपठण सुरू होतं. इन्शिराह बिनसाखरेची कॉफी करत होती, पेले विसळत होती, पुन्हा करत होती. नगात खिडकीखाली भिंतीला डोकं टेकून बसली होती. आपल्या घरात एवढी माणसं बघून इन्शिराहला मनातून सुख वाटलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. तिसऱ्या संध्याकाळी खुर्च्या परत गेल्या. भिंतीवर डोक्यांचे तेलकट डाग राहिले होते. उस्ता फिक्री म्हणाला, एक हात मारतो. ती म्हणाली, राहू दे सध्या.

काही आठवड्यांनी दारावर टकटक झाली. नगात होती.

"काही काम नाही," ती म्हणाली. "जरा बसू?"

"बस ना."

ती खिडकीखालीच बसली. भिंतीला डोकं टेकून म्हणाली, "वर बारा खुर्च्या आहेत गं. सगळ्या माझ्याकडे बघत बसतात."

मग ती रोजच येऊ लागली. फारसं बोलणं व्हायचं नाही. इन्शिराह वह्या तपासायची, नगात ऊन सरकताना बघायची. एकदा नगातनंच मान खाली घालून म्हटलं, "मी तुला खूप नावं ठेवली होती."

"ऐकली होती मी."

"मग चहा कशाला पाजतेस?"

"एकटीसाठी आधण ठेवायचा कंटाळा येतो."

दोघी हसल्या. इन्शिराहला वाटलं, आता हे असंच चालेल. पण हिवाळ्यातली पावसाळी थंडी पडायच्या आत नगातचा थोरला मुलगा आदिल कैरोहून आला आणि आईला घेऊन गेला. आईनं एकटीनं राहणं बरं दिसत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. निघताना नगात जिन्यात थांबली, काहीतरी बोलायला गेली, पण आदिल खालून गाडीचा हॉर्न वाजवत होता.

पुढे एका दुपारी तिचा फोन आला. मागे टीव्ही, पोरांचा आरडाओरडा.

"कशी आहेस?" इन्शिराहनं विचारलं.

"जपतात सगळे. प्रत्येक खोलीत टीव्ही आहे. ऊन आलं का तिथे?"

"आत्ताच आलंय, भिंतीवर."

"इन्शिराह, एक करशील? बोलू नको. फोन तसाच ठेव जरा."

इन्शिराहनं फोन बाकड्यावर ठेवला आणि खिडकी उघडली. खाली कुणीतरी लाकूड घासत होतं. नदीवर एक बोट टकटक करत चालली होती. ती फोनशेजारी गप्प बसून राहिली. ऊन भिंतीवरून उतरून चटईवर आलं, आणि मग पलीकडून कुणीतरी "आजी!" अशी हाक मारली आणि फोन बंद झाला.