नवव्या प्रकरणातल्या मधमाश्या

मला एक सांगा, विश्वास कुणावर ठेवायचा? 'हा ग्रंथ मी कोळून प्यायलोय' म्हणणाऱ्या विद्वानावर, की 'मी आत डोकावलेलोसुद्धा नाही' असं सांगून तो विकणाऱ्या दुकानदारावर? घाई नको. आधी माझं ऐका.

मी इंग्रजीच्या सैद्धांतिक व्याकरणाचा ग्रंथ बोलतोय. पाचशे बारा पानं, कापडी बांधणी, वजन दीड किलो. इंग्रजी बोलायला शिकवणारी पुस्तकं वेगळी, ती खपतात. मी 'बोलणं म्हणजे मुळात काय' हे सांगणारा. हातच कुणी लावत नाही, म्हणून तब्येत छान राहिली. माझ्या लेखकाने पहिल्या पानापासून एकच वायदा केलाय: वाक्य म्हणजे नेमकं काय, ते नवव्या प्रकरणात सांगेन.

आता गंमत ऐका. माझी बांधणी झाली त्या दिवशी शेजारच्या टेबलावर मधमाशीपालनाचं पुस्तक होतं, तेही इंग्रजीतलंच. बाइंडर जेवून आला, जरा पेंगुळलेला, आणि दोन गठ्ठ्यांची अदलाबदल करून बसला. माझं नववं प्रकरण मधमाश्यांकडे गेलं आणि 'पोळ्याची निगा' ही सोळा पानं माझ्या पोटात आली. ती आकाराने लहान, त्यामुळे कडा कापणारं पातं तिथवर पोचलंच नाही. पानं घडीतच मिटलेली राहिली. माझ्या तीनशे भावंडांची हीच गत.

मधमाश्यावाल्यांची तक्रार आठ दिवसांत आली. 'आमच्या पोळ्यावरच्या माश्या उठल्यात आणि तुम्ही वाक्याची व्याख्या काय देता?' बाइंडरने त्यांना मुकाट्याने नवी पानं शिवून दिली. मदतनीस म्हणाला, "आणि व्याकरणाचं काय?"

"ते ओरडले की बघू," बाइंडर म्हणाला.

एकेचाळीस वर्षं झाली. बाइंडरकडे अजून कुणी ओरडत गेलेलं नाही.

यातली बरीच वर्षं मी एका महाविद्यालयाच्या कपाटात काढली. माझ्यासमोर दोन प्राध्यापक नवव्या प्रकरणावरून भांडले. एक म्हणे ते क्रांतिकारक आहे, दुसरा म्हणे कालबाह्य. अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. मिटलेली पानं मात्र दोघांपैकी एकानेही कापली नाहीत. पुढे कपाटाला वाळवी लागली आणि मी जुन्या पुस्तकांच्या दुकानात आलो. दुकानदार गिऱ्हाइकाला सरळ सांगे, 'मी आत डोकावलेलोसुद्धा नाही.' तिथे माणसं ओळखायला शिकलो. खरा वाचणारा पुस्तक उघडून मधलं पान बघतो. मिरवणारा ते छातीशी धरून आरशात बघतो.

एक शाळामास्तरीण आली आणि तिने मधलंच पान उघडलं. बाई सहा वर्षं माझ्याच विषयावर प्रबंध लिहीत होत्या. पदवी मिळाली तर मुख्याध्यापिका, नाहीतर आयुष्यभर पाचवी क. आतापर्यंत इतरांच्या लेखांतून माझे उतारे घेऊन काम भागवलं होतं. तोंडी परीक्षा दुसऱ्याच दिवशी. घरी जाऊन त्यांनी भाजीच्या सुरीने मिटलेली पानं कापली. वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग नवऱ्याला हाक मारली, "अहो, जरा इकडे या. यात मधमाश्या आहेत."

नवरा बसगाड्यांचा मेकॅनिक. पंचा खांद्यावर टाकून आला. "कुठे? चावल्या तर नाहीत ना?"

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या काखेत बसून परीक्षेला गेलो. समोर तीन परीक्षक. मधले थोरले म्हणाले, "नवव्या प्रकरणाविषयी बोला. सगळं सार त्यातच आहे."

"सर, त्यात मधमाश्या आहेत."

मग थोरले हसले. "अर्थात! पण किती जणांना त्या दिसतात?"

"मी तर माझ्या लेखात त्या सूचित केल्या होत्या," डावीकडचे म्हणाले.

"सर, इथे लिहिलंय, पोळं उघडताना बाहीला दोरी बांधा."

"बाहीला दोरी!" उजवीकडच्यांनी टिपून घेतलं. "केवढा विचार आहे हा. आम्ही तरुणपणी वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता."

"अहो, बांधणीत पानं चुकलीत ही!"

थोरल्यांनी चष्मा काढला. आवाज अगदी मऊ झाला. "बाई, तुमची सहा वर्षं आहेत यात. मधमाश्यांवर चार ओळी वाढवा. मी सही करतो." पेनाचं टोपण निघालं.

बाईंचा हात माझ्यावर होता. तो उचलून त्यांनी आपला प्रबंध पुढे ओढला.

"पेन ठेवा, सर," त्या म्हणाल्या. "माझ्या प्रबंधात नवव्या प्रकरणाचा दाखला अकरा वेळा आहे. मी ती पानं काल रात्री कापली."

आणि तिथेच, तिघांसमोर, त्यांनी आपल्या प्रबंधातल्या अकरा जागा एकेक करून खोडल्या. निकाल लागला: दाखल्यांअभावी प्रबंध कच्चा, वर्षभराने पुन्हा सादर करा. मधमाश्यांवर मात्र परीक्षकांनी परिसंवाद ठरवला.

घरी नवऱ्याने विचारलं, "मिळाली?"

"नाही."

"मग हसतेस काय?"

"पहिल्यापासून वाचायला घेतेय. चहा टाका."

आता मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर असतो, मिठाच्या बरणीशेजारी. कापड तेलकट झालंय, पण तक्रार नाही. रोज जिथवर वाचून होतं तिथे बाई पेन्सिलीने तारीख घालतात. बासष्टाव्या पानावर लिहिलंय, 'इथे झोप लागली.' एकशे चारवर, 'काही कळलं नाही, उद्या पुन्हा.' एवढा मान मला कुठल्या विद्वानाने दिला नव्हता.

तेव्हा मंडळी, मला विकत घ्या असं मी म्हणत नाही. मला वाचा असाही आग्रह नाही. एवढंच करा, आपण काय वाचलं आणि काय नाही, याचा हिशोब खरा ठेवा. झोप लागली तर झोप लागली असंच लिहा.