अक्कासाठी मुरवलेलं पाणी

माझी थोरली बहीण मला मिरजेत, स्टेशन रोडवरच्या माशांच्या दुकानात सापडली. डावीकडून तिसऱ्या टाकीत, दोन इंच उंचीची, तीच वांगी रंगाची साडी नेसून, पदर मागे पसरून ती पोहत होती. मी खरं तर शेजारच्या दुकानात पिको करायला आले होते. सहज काचेतून आत बघितलं आणि भर रस्त्यात ओरडले, “अगं अक्का!” तिनं वळून बघितलं. चष्मासुद्धा तोच होता.

बारा वर्षांपूर्वी अक्का आमच्याकडे राहायला होती. एका रविवारी ती आमच्या माशांच्या टाकीचं पाणी बदलते म्हणून बाथरूममध्ये गेली आणि बादलीसकट नाहीशी झाली. पोलिसांनी दोन्हींची नोंद केली. मी मासे वाटून टाकले, टाकी माळ्यावर चढवली आणि तिच्यात जुन्या रजया कोंबल्या. परत त्या नादाला लागायचं नाही, असं ठरवलं होतं. आणि आता ही समोर! माझ्या हातातली पिशवी कधी खाली पडली ते मला कळलंच नाही.

“किती वाळलीस गं कस्तुरे,” अक्का म्हणाली. तिचा आवाज बुडबुड्यांतून येत होता.

“तू बोलूच नकोस! बारा वर्षं पत्ता नाही. चल घरी.”

दुकानाचे मालक मुजावरचाचा मधे आले. “ताई, टाकी लावलीय का घरी?”

“माळ्यावर आहे.”

“माळ्यावरची टाकी म्हणजे नुसती काच. पाणी मुरवा, मग न्या. मुरल्याशिवाय मी कुणाला मासा देत नाही, ह्या तर तुमच्या बहीण आहेत.”

त्यांचं चुकत नव्हतं. नऊ वर्षं टाकी सांभाळलेली बाई मी, मला का माहीत नाही? नव्या पाण्यात माशाच्या घाणीचं विष तयार होतं. ते विष खाणारे जंतू फिल्टरच्या स्पंजात घर करतात, पण त्यांना पाच-सहा आठवडे लागतात. तोवर बिनमाशांच्या टाकीत, जंतूंना पोसायला, रोज चिमूटभर खाद्य टाकायचं आणि वाट बघायची. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. हिरवं झालं तर विष आहे, पिवळं झालं तर बोलवा पाहुण्यांना.

चाचांनी काचेवर फूटपट्टी लावून दाखवली. “रोज एक रेघ कमी होतायत. हे पाणी त्यांना मानवत नाही. घरचं मिळालं की वाढतील. आणि सहा तारखेला मी दुकान बंद करून मुलीकडं हुबळीला चाललोय. पस्तीस दिवस आहेत तुमच्याकडं.”

मी पळतच घरी आले. माझे यजमान विरूपाक्ष गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी बाहेरून घासत होते. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून ते दिसेल ते धुतात. घरी कुणी येणार असेल तर मग विचारूच नका, नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या, इस्त्रीची वायर, काही सुटत नाही.

“अहो, अक्का सापडली!”

“कुठं?”

“तिसऱ्या टाकीत.”

“बरी आहे का?”

“दोन इंच आहे. टाकी काढा खाली!”

त्या दिवशी आम्ही पोरांसारखे नाचत होतो. टाकी पुसली, वाळू धुऊन घातली, क्लोरीन जायला एक दिवस ठेवलेलं पाणी बादलीबादलीनं ओतलं. पंप लावल्यावर स्पंजातून पहिला बुडबुडा वर आला तेव्हा मला रडूच फुटलं. विरूपाक्षांनी चहा केला आणि आम्ही रिकाम्या टाकीसमोर बसून प्यायलो. बारा वर्षांनी हॉलमध्ये तो बुडबुड आवाज येत होता.

मग रोजचा क्रम सुरू झाला. सकाळी खाद्याची चिमूट, दुपारी नळी आणि चारला दुकान. मी काचेला नाक लावून अक्काला रंग सांगायची. “आज गर्द हिरवं. आज जरा पोपटी.” अक्का मान डोलवायची. रोज एक रेघ कमी व्हायची, तरी चेष्टा सुटली नव्हती. “घाई कर बाई, नाहीतर मला चमच्यानं न्यायला लागेल.” विसाव्या दिवशी तिच्या साडीचे काठ दिसेनासे झाले. अठ्ठाविसाव्या दिवशी चष्मा दिसायला मला भिंग न्यावं लागलं. पण नळीतला हिरवा रंग उतरत होता आणि स्पंज छान तपकिरी, बुळबुळीत होत चालला होता. इतकी सुंदर घाण मी आयुष्यात बघितली नव्हती.

चौतिसाव्या दिवशी नळी पिवळी झाली. स्वच्छ पिवळी! मी विरूपाक्षांचे हात धरून हॉलमध्ये फुगडी घातली.

सहा तारखेला दुपारी दोनला मी अक्काला आणायला गेले. चाचांनी तिला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, हवा भरली, तोंडाला रबर लावलं. ती शेंगदाण्याएवढी उरली होती. “सहापर्यंत पुरेल एवढी हवा आहे,” चाचा म्हणाले. “एकदम सोडू नका. पिशवी टांगून ठेवा, दर पाच मिनिटांनी घरचं पाणी एक वाटी आत घाला. सवय होऊ दे.” मग त्यांनी शटर ओढलं आणि ते बॅग घेऊन स्टेशनात शिरले.

रिक्षात मी पिशवी छातीशी धरून बसले होते. “आलं बघ घर. तुझी खोली तशीच ठेवलीय.” अक्का आतून हसत होती.

घरात पाऊल टाकलं तर फिनाईलचा वास. गॅलरीत दोरीवर चिमटा लावून एक पांढराशुभ्र स्पंज वाळत घातला होता.

“अहो, हे काय?”

“अगं, किती घाण झालं होतं ते!” विरूपाक्षांच्या चेहऱ्यावर केवढं समाधान. “चिकट, बुळबुळीत. अक्का बारा वर्षांनी येणार, तिला काय तसलं दाखवायचं? नळाखाली धरून साबणानं तीनदा पिळला.”

मी टाकीकडे धावले. नळी भरली, थेंब टाकले. पाणी चिंचेच्या पाल्यासारखं हिरवंगार झालं. पस्तीस दिवस धुऊन दोरीवर टाकले होते. मी त्यांना तोंडाला येईल ते बोलले. ते स्पंज हातात धरून उभेच राहिले, आणि त्यांच्या हनुवटीवरून डोळ्यांतलं पाणी ठिबकत होतं.

“भांडू नका रे,” पिशवीतून बारीक आवाज आला. “घरात दुसरं काही मुरलेलं नाही का?”

“काय मुरलंय इथं! बावीस वर्षांचं जुनं घर!” मी रागानं रिकामी नळी हॉलमध्ये हवेतच फिरवली आणि वर थेंब टाकले.

नळी पिवळी झाली. कालच्यापेक्षा पिवळी.

मी किंचाळले. स्वयंपाकघरातून आमटीची वाटी आणली, पिशवी पंख्याच्या हुकाला टांगली, आणि कपाटामागच्या कोपऱ्यात वाटी बुडवली. वाटी जड झाली. रबर काढून पिशवीत ओतली, परत लावलं. कोपरा गेला, अक्का बोटाएवढी झाली.

“अजून घाल,” अक्का म्हणाली. आता चष्मा नुसत्या डोळ्यांना दिसत होता!

पाच मिनिटं थांबायचं, एक वाटी. खुंटीवरचं कॅलेंडर खुंटीसकट गेलं. फ्रिजची घरघर गेली, मग फ्रिज गेला. फोडणीचा वास दोन वाट्यांत बसला. अक्का वीतभर झाली, मग हातभर, आणि तिच्याबरोबर पिशवीही. हुक पुरेना तेव्हा आम्ही ती जमिनीवर टेकवली. साडीचे काठ परत उमटले. बेडरूमला सात वाट्या लागल्या. अक्काची खोली मी तिला दाखवून मग ओतली.

“पडदे बदललेस की,” ती म्हणाली. ती आता माझ्या कमरेला लागत होती.

साडेपाचला भिंती संपल्या. गॅलरी, कढीपत्ता, ती दोरी, सगळं आत गेलं. अक्का माझ्या खांद्याला आली आणि वाढायची थांबली. तिचा श्वास जड झाला होता. पिशवीतली हवा धुरकट दिसत होती.

विरूपाक्षांनी शर्टाची वरची बटणं लावली. “मीही बावीस वर्षं याच घरात आहे. मला घाल.”

“अहो, काहीतरीच!”

“स्पंज मी धुतला ना? घाल म्हणतो.”

ते दोन वाट्यांत मावले. एवढा माणूस, पण दोनच वाट्या. आतून लगेच त्यांचं हसणं ऐकू आलं आणि अक्काचंही. ते कशावर तरी वाद घालत होते, बहुधा पडद्यांवरून. अक्का माझ्या कपाळापर्यंत आली. आता मूळ उंचीला फक्त चार बोटं कमी होती.

बाहेर मी आणि वाटी, एवढंच होतं. जिन्यापासून खालचं सगळं जागच्या जागी होतं, फक्त आमच्या मजल्यावर काही नव्हतं. सहाला चार मिनिटं होती. नळी कधीच ओतून झाली होती, म्हणून मी औषधाची बाटली माझ्या तळहातावर उपडी केली. थेंब पिवळे झाले. इतके पिवळे की मला हसूच आलं.

“कस्तुरे, अजून एक वाटी,” अक्का म्हणाली.

“ओतणार कोण गं?”

तिनं पिशवीचं तोंड आतून दोन्ही हातांनी फाकून धरलं. मी वाटी काठावर नीट टेकवली, साडीच्या निऱ्या वर धरल्या आणि वाटीत उजवा पाय ठेवला.