श्रीवर्धनच्या अलीकडे

विश्रामच्या पत्राला मी उत्तर दिलेलं नाही, हे घरात फक्त मला माहीत होतं. म्हणूनच फोनवर धम्मदीपा म्हणाली, "मग समुद्रच फायनल करू का?" तेव्हा मी घाईघाईने बोललो, "उन्हाळ्यात समुद्र बरा नव्हे. दमट हवेने सांधे धरतात."

"कुनाचे?" इंदूने विचारलं. ती समोर बसून चिंचा फोडत होती. "माझं तर न्हाई धरत. तुमचं धरत्यात व्हय?"

फोन आमच्या दोघांच्या मध्ये पाटावर ठेवलेला होता. त्यातून लेक म्हणाली, "आई, बाबा, ऐका. तुमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं होतायत. बुद्धपौर्णिमा झाली की त्याच आठवड्यात जा. दोन रात्री, तीन दिवस. हॉटेल मी बुक करणार, तुम्ही फक्त जागा सांगायची. रविवारपर्यंत सांगा, नंतर मे महिन्यात काही मिळत नाही."

धम्मदीपा बावधनला राहते आणि बँकेत अधिकारी आहे. ती घरच्यांशीही मुदत घालून बोलते.

"लांब नको असेल तर लवासा बघू का?"

"तितं काय बघायचं? कुलपं लावलेली घरं?" इंदू म्हणाली. "त्यापरीस मी आपल्याच घराला कुलूप घालून समोर बसते."

दोघी हसल्या. मीही हसलो, पण थोडा उशिरा.

आमचं घर पौडला, रस्त्याला लागून आहे. शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या आमच्या दारावरून ताम्हिणीकडे सहलीला जातात. आम्ही ओट्यावरून त्यांना जाताना आणि येताना बघतो. आम्ही दोघंच असे कधी कुठे गेलो नव्हतो. लग्नं झाली, दवाखाने झाले, एकदा नागपूरला दीक्षाभूमी झाली, तीही ट्रकभर माणसांबरोबर. समुद्र इंदूने दादरला सहा डिसेंबरला पाहिला होता, तोही गर्दीच्या डोक्यांवरून. सकाळी श्रीवर्धनची एसटी दारावरून जाते. तिची पाटी इंदू गेली वीस वर्षं वाचते आहे. विश्रामचं गाव श्रीवर्धनच्या अलीकडे आहे.

विश्राम तोडणकर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. मी एकोणऐंशी साली तिथे लेखनिक म्हणून लागलो, तेव्हा मला गावात खोली मिळत नव्हती. आडनाव विचारल्यावर खोली आधीच कुणाला तरी दिलेली असायची. शेवटी विश्रामने आपल्या बिऱ्हाडाच्या मागची खोली घरमालकाला न विचारता मला उघडून दिली. पहिल्या संध्याकाळी त्याने जेवायला बोलावलं. मी पायरीवर बसलो. मला तशी सवय होती. रंभावहिनी आतून ओरडल्या, "बाहेर काय बसलात? आत या. बाहेर वेगळं ताट आणून द्यायला मला वेळ नाही." मी आत गेलो आणि चुलीजवळ विश्रामच्या शेजारी बसलो. वहिनींनी मला कालवण वाढलं. त्यात मीठ जास्त होतं. पुढे दोन वर्षांनी इंदू लग्न होऊन आली, तेव्हा तिलाही त्यांनी असंच ओरडून आत घेतलं.

निवृत्तीनंतर विश्राम गावी गेला. त्याला फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळे आमची पत्रंच चालली. दर उन्हाळ्यात तो 'या' म्हणून लिहायचा आणि मी काहीतरी कारण कळवायचो.

गेल्या वर्षी आषाढ पौर्णिमेच्या सुमारास त्याचं पत्र आलं. अक्षर नेहमीपेक्षा मोठं होतं. 'रंभा १९ जूनला गेली. दोन दिवस ताप होता. घरात बोलायला कोणी नाही. समोर बसून बोललेलं मला अजून ऐकू येतं. उन्हाळ्यात तुम्ही दोघं या.'

एवढंच.

मी त्याच दिवशी उत्तराला बसलो. बत्तीस वर्षं शाळेचे दुखवट्याचे ठराव मीच लिहिले होते. संचालक गेले, शिक्षक गेले, शिपाई गेला, की मुख्याध्यापक मला म्हणायचे, "प्रमोदराव, ते तुमचं जरा लिहून द्या." ते माझं काम चांगलं समजलं जाई. विश्रामला लिहायला घेतलं आणि पहिलीच ओळ उतरली : 'आपल्या पत्नीच्या दुःखद निधनाची वार्ता ऐकून तीव्र दुःख झाले.' मी तो कागद बाजूला ठेवला. दुसऱ्यावर दुसरं काही आलं, तेही तसंच. पुस्तकांतून आधार शोधला, तर सगळं दुसऱ्याच कुणाच्या तरी दुःखाचं वाटलं. चौथ्या दिवशी इंदूने विचारलं, "धाडलं का भाऊजींना?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी खरंच पाठवू, असं तेव्हा मनात होतं. मग आठवडा गेला, महिना गेला. आधी पत्र कसं लिहावं हे कळत नव्हतं. आता उशीर का झाला तेही त्यात लिहावं लागणार होतं.

धम्मदीपाच्या फोननंतरच्या आठवड्यात मी समुद्राऐवजी महाबळेश्वरची बाजू फार नेटाने मांडली. वाचनालयातून एक जुनं प्रवासपुस्तक आणलं आणि तिथली उंची, तापमान, स्ट्रॉबेरीचा हंगाम वाचून दाखवला.

"स्ट्रॉबेरी मे महिन्यात ऱ्हाते व्हय?" इंदू म्हणाली.

मी पान पुन्हा पाहिलं. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत होता.

"तुतीची फळं असतात," मी म्हणालो.

"मंग तुतीसाठी जाऊ." ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. "तुमाला समिंदराची एवडी भीती कशाची हो? कुनी तुमाला पाण्यात ढकलायचं न्हाई."

शनिवारी दुपारचा चहा झाल्यावर तिने आपणहून विषय काढला. "दीपाला महाबळेश्वर सांगून टाका."

मला हवं होतं तेच झालं होतं. तरी मी विचारलं, "का गं? तुला समुद्र हवा होता ना?"

"हवा हुता. पन तिकडं जायचं आन भाऊजींच्या दारात जायचं न्हाई, हे मला जमायचं न्हाई."

"मग जाऊ की त्यांच्याकडे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"कुटल्या तोंडानं? तुमी पत्र धाडून धा महिनं झालं. त्यांची एक ओळ न्हाई." तिने कपबशा एकात एक ठेवल्या. "मी लई इचार केला. आपल्याला आत घेतलं ते वहिनीनी. भाऊजी त्यांच्या मागं मागं. आता वहिनी न्हाईत. घरात सूनबाई, नातेवाईक कोन कोन येत आसंल. त्यांच्या मनात आलं आसंल, आता कशाला ही मानसं."

"विश्राम तसा नाही."

"मीबी तसंच म्हनत हुते. पन मानूस ऱ्हातो का तसाच? गावाकडं गेल्यावर?"

ती शांतपणे बोलत होती. रडत नव्हती की चिडलेली नव्हती. तिने हे दहा महिन्यांत मनाशी पक्कं केलं होतं आणि त्यात विश्रामची जागाही ठरवून टाकली होती. ज्या माणसाने मला चुलीजवळ बसवलं, तो माझ्या घरात, माझ्या बायकोच्या मनात, माणसांना पायरीवरच बसवणाऱ्यांत जाऊन बसला होता.

"इंदू, मी पत्र पाठवलंच नाही," मी म्हणालो.

"कंचं?"

"उत्तर. विश्रामला. लिहिलं, पण पाठवलं नाही."

"तुमी व्हय म्हनाला हुता."

"हो."

ती कपबशा घेऊन उठली. मोरीत त्या विसळल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. दोन कपांना लागतो त्यापेक्षा जास्त. मग ती दारात येऊन उभी राहिली.

"धा महिने मी त्या मानसाला मनात काय काय बोलले. चांगल्या मानसाला. बायको गेलेल्या मानसाला. आन तुमी हितं बसून बुकं वाचत हुता."

"मला शब्द सापडेनात."

"वहिनी ताट वाढताना शब्द शोधत बसली न्हवती," इंदू म्हणाली.

ती पदराला हात पुसत समोर येऊन बसली. "काय लिवलंय ते आना. वाचा."

मी कपाटातून फाइल आणली. सात कागद होते. सवयीने मी प्रत्येकावर तारीख घातली होती. एक वाचायला घेतला : 'कै. रंभाताई या अत्यंत मनमिळाऊ स्वभावाच्या, आतिथ्यशील...'

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "हे शाळंचं हाय. हेच त्या शिपायाला लिवलं, हेच त्या चेअरमनला. त्यो चेअरमन तर कुनाला पाणी द्यायचा न्हाई, आन तुमी त्याला आतिथ्यशील केलं."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"जे झालं ते लिवा," ती म्हणाली. "माझं नाव पुढं करू नका. चूक तुमची हाय."

रविवारी सकाळी मी एकाच कागदावर लिहिलं.

'विश्राम, वहिनी गेल्याचं तुझं पत्र मला जुलैतच मिळालं. मी उत्तर दिलं नाही. काय लिहावं ते सुचलं नाही आणि मग लाज वाटली. इंदूला पाठवलं म्हणून खोटं सांगितलं. तूच गप्प बसलास असं ती समजत होती. वहिनींनी मला पहिल्या दिवशी वाढलेल्या कालवणात मीठ जास्त होतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आम्हा दोघांना यायचं आहे. तुला नको वाटलं तर तसं लिही, मी समजेन. प्रमोद.'

इंदूने ते ऐकलं. "आंबेमोहर तांदूळ घिऊन येतो, असं लिवा," ती म्हणाली. "वहिनीला हितला लई आवडायचा. त्यांनाबी आवडत आसंल. आपन कदी इचारलं न्हाई."

मी ते खाली लिहिलं.

अकरा वाजता धम्मदीपाचा फोन आला. "ठरलं?"

"विश्रामभाऊजींना इचारतोय," इंदू म्हणाली. "त्यांनी बोलावलं तर तिकडं. हॉटेल नगं."

"अगं पण पत्र जाणार कधी, उत्तर येणार कधी! तोवर मे संपेल. आणि नाहीच म्हणाले तर?"

"तर न्हाई."

"मी आत्ता निदान महाबळेश्वर होल्ड करून ठेवते."

"नगं ठेवू," इंदू म्हणाली. "मागं दुसरं कायतरी धरून ठेवलं, तर ते इचारनं कसलं?"

मग लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही काही केलंय का?"

"हो," मी म्हणालो. "नंतर सांगतो."

सोमवारी आम्ही दोघं पोस्टात गेलो. एरवी इंदू येत नाही. मी पाकीट घेतलं आणि तिथल्या फळीवर उभ्यानेच पत्ता लिहिला. लिहून झाल्यावर वाचलं तेव्हा दिसलं : 'श्री. व सौ. विश्राम तोडणकर.' वीस वर्षं मी असाच पत्ता घालत होतो. हाताने विचारलंच नव्हतं.

मी 'व सौ.' खोडायला पेन टेकवलं. इंदूने माझं मनगट धरलं.

"खोडू नका. त्यांच्या हातात पडंल ते."

तिने स्वतः खिडकीशी जाऊन दुसरं पाकीट आणलं. पहिलं तिने दुमडून पिशवीत ठेवलं. मी नव्यावर सावकाश लिहिलं : श्री. विश्राम तोडणकर. खाली गाव, तालुका, पिनकोड. पहिली ओळ आखूड झाली, उजवीकडे जागा उरली. मी ते पाकीट पेटीत टाकलं.