सहा जणांतला साया

पडद्यावर पहाड नावाच्या हिरोनं अख्खा पूल उपटला आणि त्याच पुलानं शत्रूंची रांगच्या रांग झोडपून काढली, तेव्हा जगन खुर्चीवर चढून बोंबलायला लागला. मागचे शिव्या घालत होते, बॅटरीवाला खाली बस म्हणून दटावत होता, पण ऐकतो कोण! पनवेलच्या त्या थिएटरात त्या दिवशी अर्धी पोरं खुर्च्यांवरच होती. जगनचा धाकटा भाऊ हितेशही उभा होता. पडद्यावरचा प्रत्येक ठोसा त्याच्या खांद्यातून जात होता. बसून होता तो एकटा हमझा. चहात कुणी मीठ टाकल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं.

सिनेमाचं इंग्रजी नाव उलव्याकडच्या त्यांच्या गावात कुणाला धड घेता येत नव्हतं, म्हणून सगळे त्याला 'सहा जण' म्हणत. हितेश आणि हमझानं हे सहा जण लहानपणीच वाचून झिजवले होते. हमझाच्या अब्बांचं पनवेलच्या बाजारात रद्दीचं दुकान. तिथे किलोवर येणाऱ्या हिंदी कॉमिक्सच्या ढिगावर लोळत हे दोघं मोठे झाले. सुट्टी लागली की हमझा हितेशच्या घरी राहायला यायचा आणि जगनच्या हातचा मारही दोघं सारखाच खायचे.

बाहेर वडापावच्या गाडीवर भांडण जुंपणार हे ठरलेलंच होतं.

“फायटिंग एक नंबर हाय,” जगन म्हणाला. “पैसा वसूल. आन् ह्याचा थोबडा बग, मयताला आल्यासारखा.”

“मारामारी चांगलीच आहे, जगनदादा,” हमझा म्हणाला. “ठोसा कुठून आला नि कुठे बसला, नीट दिसतं. व्हिलन तर लाजवाब. धरणात गाव बुडालेला माणूस आहे, त्याचा गुस्सा खोटा वाटत नाही.”

हे सगळ्यांनाच लागलं. विमानतळाच्या नकाशात त्यांची शेतं कधीच गेली होती आणि आता घरांचा नंबर लागणार असं रोज ऐकू येत होतं. व्हिलन मेला तेव्हा हितेशला मनातून वाईट वाटलं होतं, पण शिट्ट्यांच्या गदारोळात ते बोलायची सोय नव्हती.

“मंग रडतंस कशाला?” जगननं विचारलं.

“हे सहा जण एकत्र लढतात कुठे? प्रत्येक जण आपापला हिरो. शेजारी कोण पडलं ते कुणी वळून बघत नाही. एवढ्या इमारती कोसळल्या, खाली एक माणूस मेलेला दाखवला? कॉमिक्समध्ये लागलं की लागायचं, दादा. हात मोडला तर पुढचे चार अंक गळ्यात. आणि साया? सायाला तर जोकर करून टाकला!”

साया म्हणजे सावली, सहा जणांतला सहावा. अंगात कसलीच शक्ती नाही, किडकिडीत माणूस. कॉमिक्समध्ये त्याचं काम एकच. पाच जण पुढे लढत असताना त्यांच्या पाठी बघायच्या. ‘मागून येईल तो वार माझा,’ ही त्याची शपथ. सिनेमात तो दोनदा घसरून पडतो, लोक हसतात आणि शेवटच्या लढाईआधी बेशुद्ध होतो. बस, संपला साया.

“पाठी बगायला कोनी तिकीट काढतं काय रं?” जगन म्हणाला आणि सगळे हसले. हितेशही हसला. त्याला मारामारी आवडली होती आणि हमझाचं म्हणणंही पटत होतं. अशा वेळी तो नेहमी मोठ्या भावाच्या बाजूनं हसायचा.

पुढच्याच आठवड्यात जगनची हळद होती. आता आगऱ्यांच्या हळदीत नवऱ्याच्या भावंडांनी एकसारखे कपडे घालणं आलंच. कुणी गुलाबी कुर्ते शिवतं, कुणी लुंग्या. जगननं काळे टी-शर्ट छापून घेतले, छातीवर त्या सहा जणांची खूण, सहा बोटांची मूठ. जगन म्हणजे अर्थातच पहाड. हितेश, तिघं आत्येभाऊ आणि सहावा हमझा.

“साया तू हायस,” शर्ट त्याच्या अंगावर फेकत जगन म्हणाला. “घसरू नको म्हंजे झाला.”

हमझानं शर्ट तिथल्या तिथे चढवला. त्याचा आनंद त्याच्या चष्म्यातही मावत नव्हता.

हळद लागली की नवरदेवाच्या हातात सुरी देतात, टोकाला लिंबू टोचलेलं. लग्न लागेपर्यंत ती सोडायची नाही, म्हणजे बाधा होत नाही. घराण्याची सुरी गंजकी आणि बोथट होती. जगनच्या आजोबांपासून सगळे तीच धरत आले होते आणि तिनं कधी काकडीही चिरली गेली नव्हती. पण जगनला ती फोटोत बरी दिसेना. त्यानं बाजारातून लखलखीत नवी आणली. त्याची आई सत्यवती एवढंच म्हणाली, “लय धार हाय रं हिला.” जगन हसला. आईचं कोण ऐकतंय!

दुपार कलताना डीजे सुरू झाला. बायकांनी जगनला हळद फासली, मग पोरांनी एकमेकांना हळदीच्या बादल्यांनी न्हाऊ घातलं. काळे शर्ट पिवळे झाले, छातीवरच्या मुठी दिसेनाशा झाल्या. तोंडं तर ओळखूच येत नव्हती.

आणि त्याच वेळी शेजारचा कृष्णकांत मांडवात आला. कृष्णकांत म्हणजे काशिरामकाकांचा मुलगा, चुलत भाऊबंद. दोन घरांत एक कुंपण आणि त्या कुंपणावरून दोन वर्षं बोलाचाल बंद. मांडवाचा एक खांब घाईघाईत त्यांच्या हद्दीत पुरला गेला होता.

“खांब काढा. बा तापलाय,” कृष्णकांत म्हणाला. “उद्या पुन्यांदा रोवा पायजे तर, पन आज काढा.”

सरळ बोलला होता बिचारा. पण एका आत्येभावानं त्याच्या तोंडावर हळदीचा गोळा मारला. कृष्णकांतनं त्याची गचांडी धरली. जगननं मध्ये येऊन कृष्णकांतच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की तो खुर्च्यांवर जाऊन आदळला. कुंपणापलीकडून काशिरामची माणसं बांबू घेऊन आली.

मग कुणी कुणाला विचारलं नाही. बांबू नडग्यांवर बसले, प्लास्टिकच्या खुर्च्या डोक्यांवर फुटल्या. कुणाचा तरी दात हितेशच्या पायाशी येऊन पडला. एका आत्येभावाचा कान फाटून लोंबत होता आणि तरी तो दुसऱ्याचं डोकं मांडवाच्या खांबावर आपटत होता. डीजे वाजतच होता. आणि खरं सांगायचं तर हितेशला मजा येत होती! दोन वर्षांचा राग त्याच्या मुठीत उतरला होता. त्यानं एकाचं नाक फोडलं, ते मऊ होऊन आत गेलेलं त्याला कळलं आणि तो हसला. सहाही जण आपापल्या बाजूला सुटले होते. कोण कुठे आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं.

जगन सगळ्यांत पुढे. टोकाचं लिंबू कधीच गळून पडलं होतं, पण सुरी सोडायची नाही हे रक्तात भिनलेलं, म्हणून ती तशीच उजव्या हातात. डाव्या हातानं तो माणसं लोळवत होता. त्याच्या मागून काशिरामचा एक भाचा बांबू उगारून आला. हितेशला ते दिसलं, पण तो लांब होता.

हमझा मात्र जवळ होता. तो धावला आणि त्यानं जगनच्या पाठीला मागून मिठी मारली. बांबू हमझाच्या खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज आला. जगनला काय ठाऊक! त्याला फक्त पाठीला लगटलेले दोन हात कळले. त्यानं मागे वळूनही न बघता सुरी पाठीमागे खुपसली, जोर लावून ओढली, ती चिखलात निसटली आणि तो ओरडत पुढच्या माणसावर तुटून पडला.

हमझा गुडघ्यांवर बसला. पोटातून काळसर रक्त उकळी फुटल्यासारखं यायला लागलं.

हितेश गर्दीतून वाट काढत होता. त्याच्या आधी कृष्णकांत पोचला. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, पण त्यानं हातातला बांबू टाकला, अंगातला शर्ट काढून त्याचा बोळा केला आणि दोन्ही तळव्यांनी जखमेवर दाबला. “गाडी काढा!” तो ओरडत होता. कुणीतरी डीजेची वायर उपटली. अचानक शांतता झाली आणि सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिली. जमिनीवर हमझा आणि त्याच्यावर वाकलेला, कोपरापर्यंत रक्तानं माखलेला काशिरामचा पोरगा.

“ह्यानं मारला!” ही आरोळी जगनचीच होती. “आमच्या हमझाला मारला!”

रक्त बघताच काशिरामची माणसं, तो बांबूवाला भाचाही, कुंपणापलीकडे पळाली होती. पहिली लाथ कृष्णकांतच्या बरगडीत बसली, दुसरी कानशिलावर. तो वाकला, पण त्यानं हात उचलले नाहीत. “अरं हात काढला तर मरंल तो,” तो रक्त थुंकत म्हणत होता, “मंग मारा मना, आदी गाडी आना!” एकानं टाचेनं त्याची बोटं चेचली. बोटं मोडली, तरी तळवा तिथेच. शेवटी तिघांनी त्याला केसांना धरून मागे ओढलं. जगननं मांडवाच्या पायथ्याचा दगड दोन्ही हातांनी उचलला. जखमेवरचा बोळा सरकला आणि रक्ताची धार हितेशच्या पायावर आली.

सुरी कुणाच्या हातून लागली ते पाहिलं होतं दोघांनीच, हितेशनं आणि सत्यवतीनं. ती मांडवाच्या दारात उभी होती. तिनं हितेशकडे बघून नकारार्थी मान हलवली. बोलू नको. थोरला पोरगा, उद्या लग्न. तिच्या डोळ्यांत विनवणी होती. गप्प राहिलं तर कुणालाच कधी कळणार नव्हतं. कुंपणापलीकडच्या त्या घराची रग जिरली असती आणि जगन नवरदेवच राहिला असता. लाज वाटेल एवढा वेळ हितेश गप्प राहिला. हमझाचं तोंड उघडं होतं. त्याचे डोळे हितेशला शोधत नव्हते, ते जगनच्या पाठीवर होते, अजून कुणी मागून येतंय का हे बघत असल्यासारखे.

“दादा!” हितेश एवढ्या जोरात ओरडला की त्याचा आवाज फाटला. “सोड त्याला! सुरी तुजी हाय! तुज्या हातानं लागली हमझाला!”

जगन दगड धरून उभाच राहिला. मग त्यानं दगड टाकला आणि आपल्या रिकाम्या उजव्या हाताकडे पाहिलं. सत्यवती धावत आली आणि तिनं हितेशच्या तोंडात मारली, पुन्हा मारली, मारतच राहिली. हितेशनं हात वर केला नाही. तो आईला बाजूला सारून खाली बसला आणि बोळा दाबायला लागला, पण त्याला नेमकी जागा सापडेना, रक्त थांबेना. “सरक,” कृष्णकांत म्हणाला. तो रांगत आला होता. मोडक्या बोटांचे हात त्यानं पुन्हा तिथेच ठेवले.

डीजेच्या टेम्पोतून हमझाला नेलं. स्पीकरच्या मधल्या जागेत तो आडवा, त्याच्या पोटावर कृष्णकांत आणि कृष्णकांतचे मोडके हात निसटू नयेत म्हणून वरून आपल्या हातांनी दाबून धरणारा जगन. उलव्याचे रस्ते सगळे खणलेले, समोरून डंपर. प्रत्येक खड्ड्याला कृष्णकांत किंचाळायचा. जगन हात ढळू देत नव्हता. हमझाचं डोकं हितेशच्या मांडीवर होतं आणि तो त्याला कॉमिक्समधल्या गोष्टी सांगत होता, काहीही, सुचेल ते, पण झोपू नको म्हणत.

पनवेलच्या हॉस्पिटलात तास गेले की युग गेलं, हितेशला कळलं नाही. हमझाची धाकटी बहीण हादिया अम्मीला धरून बाकावर बसली होती. अब्बा भिंतीकडे तोंड करून दुवा मागत होते. अखेर डॉक्टर बाहेर आले. प्लीहा काढावी लागली, पण वाचला, म्हणाले. वाटेत कुणीतरी जखम दाबून धरली होती म्हणून वाचला.

हादिया उठली. तिला एवढंच माहीत होतं की हळदीत मारामारी झाली आणि हे तिघं तिच्या भावाला घेऊन आले. समोर जगन उभा होता, अंगभर हळद, मनगटापर्यंत रक्त. तिनं त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, डोळ्यांना लावले आणि हमसून रडायला लागली.

“जगनदादा, तुमचे एहसान आम्ही कधी विसरणार नाही. खुदा तुम्हाला सलामत ठेवो. अम्मी, दादांनी वाचवलं त्याला!”

जगननं हितेशकडे पाहिलं. हितेशला वाटलं, आता हा गप्प राहील, आणि त्याला हेही कळलं की आपण दुसऱ्यांदा बोलणार नाही, आता ताकद नाही.

“हादियाबाय,” जगन म्हणाला. त्याचा आवाज त्या रुंद छातीतून जेमतेम बाहेर आला. “वाचवला त्यो ह्या कृष्णकांतनं. मारला मी.”

हादियाला पहिल्यांदा समजलंच नाही. ती तशीच त्याचे हात डोळ्यांशी धरून उभी राहिली. मग तिनं एकेक बोट सोडवत ते हात खाली केले, आणि आपल्या गालांवर लागलेलं रक्त नि हळद पुसायला लागली. हळद निघेना, तरी ती पुसतच राहिली.